खाण १५ मार्चला थांबणार. गावच्या बँडचे पुढे काय करावे?

बँडचा चिटणीस, डिचोली तालुका
१८ फेब्रुवारी २०१८

नमस्कार.

डिचोली तालुक्यात, खाणीच्या अगदी पायथ्याशी असलेल्या आमच्या गावात चाळीसहून अधिक वर्षे पितळी वाद्यांचा एक बँड आहे. मी त्यात युफोनियम, म्हणजे जाड स्वराचे मोठे पितळी वाद्य, वाजवतो आणि गेली नऊ वर्षे त्याचा चिटणीस आहे. सर्वोच्च न्यायालयाने ७ फेब्रुवारी रोजी गोव्यातील ८८ खाणपट्ट्यांचे दुसरे नूतनीकरण रद्द केले आणि १५ मार्चनंतर तेथे उत्खनन करता येणार नाही, असा आदेश दिला. आमची खाण त्या ८८ पैकी एक आहे. निकालाच्या योग्यायोग्यतेची चर्चा सर्वत्र चालूच आहे. मला येथे केवळ बँडविषयी विचारायचे आहे, कारण त्याविषयी कोणाला विचारावे हेच मला कळेनासे झाले आहे.

बँड कसा उभा राहिला ते आधी सांगतो, म्हणजे अडचण नेमकी कोठे आहे ते लक्षात येईल. गोवा मुक्त होऊन दहा-बारा वर्षे झाली असतील, त्या सुमारास खाणीच्या कामगार-कल्याण विभागातील एका अधिकाऱ्याच्या मनात आले की कामगारांचा स्वतःचा बँड असावा. शिकवायला दक्षिण गोव्यातील सासष्टीहून एक मेस्त, म्हणजे संगीतशिक्षक, आले. लहानपणी ते चर्चच्या पॅरिश शाळेत सोल्फेज, म्हणजे लिहिलेले स्वर वाचून गाणे, आणि व्हायोलिन शिकले होते. आमच्या गावात सगळी भजनाची आणि दशावतारी नाटकांची मंडळी. त्यांना पेटी ठाऊक, पखवाज ठाऊक, परंतु पाच रेषांवर लिहिलेले संगीत कोणी पाहिलेही नव्हते. सारेगम लिहून द्या, अशी सर्वांनी विनवणी केली, तरी मेस्तांनी ती मानली नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या ड्रिलमनपासून फिटरपर्यंत प्रत्येकाकडून त्यांनी नोटेशन वाचून घेतले. माझे वडील त्या पहिल्या तुकडीत होते. आजही आमचा बँड वारकरी अभंग असो की लष्करी मार्च, कागदावरून वाजवतो, ही त्या माणसाची पुण्याई आहे.

दिवसपाळी संपल्याचा भोंगा झाला की अर्ध्या तासाने सराव सुरू होतो. वर्कशॉपशेजारी जुने भांडार होते, तीच आमची खोली. वाद्ये, गणवेश, झडपांचे तेल, शिक्षकाचे मानधन, विजेचे बिल, सारे कंपनीच्या खात्यातून येत असे. ग्रामदेवतेची पालखी, १५ ऑगस्ट, १९ डिसेंबरचा मुक्तिदिन, खाण सुरक्षा सप्ताह, शेजारच्या वाड्यावरील कपेलाचे (छोट्या चर्चचे) फेस्त आणि गावातील कोणाचेही अंत्यदर्शन, या सर्व प्रसंगी बँड विनामूल्य वाजतो.

२०१२ च्या सप्टेंबरमध्ये खाणी थांबल्या तेव्हा आम्ही २६ जण होतो. २०१५ मध्ये काम पुन्हा सुरू झाले तोवर १७ उरलो होतो. काही आखातात गेले, एक जण वेर्णा येथे कारखान्यात लागला, दोघांनी ट्रकच्या हप्त्यांच्या काळजीने वाद्याला हात लावणेच सोडले. त्या वेळी कंपनीने खोली आणि मानधन चालू ठेवले होते, म्हणून बँड टिकला. या वेळी मात्र तोंडी निरोप आला आहे की ३१ मार्चनंतर खोलीची वीज तोडली जाईल आणि वाद्यांची मोजदाद करून ती भांडारात जमा करावी लागतील. आज आम्ही १९ आहोत. त्यांपैकी ११ कंपनीच्या पटावर, ५ जण ट्रकमालक किंवा चालक आणि ३ जण अन्य व्यवसायांत आहेत. बँडची नोंदणी कधी झालीच नाही, कारण तशी आवश्यकताच भासली नव्हती.

ही वाद्ये आमच्याकडे राहावीत यासाठी काही मार्ग आहे काय? वादक आणखी घटले तर बँड किती जणांपर्यंत बँड राहतो? आणि खाणअवलंबितांच्या मोर्चात बँड न्यावा, असा आग्रह आमच्यापैकी काही जण धरत आहेत. त्याविषयी जाणकारांचे मत काय आहे? मी स्वतः या तिसऱ्या प्रश्नावर अजून कोणत्याही निर्णयाला आलेलो नाही.

लेखापाल, फोंडा
१९ फेब्रुवारी २०१८

चिटणीस महोदय, मी खाण कंपनीत नव्हे, परंतु संस्थांच्या हिशेबतपासणीत पंचवीस वर्षे काढली आहेत. आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर माझ्या परीने देतो.

वाद्ये कंपनीच्या पैशाने आणि कंपनीच्या नावावरील बिलांनी आली असतील, तर कायद्याने ती कंपनीची मालमत्ता आहेत. चाळीस वर्षे आपण वाजवली म्हणून ती आपली होत नाहीत. हे ऐकायला कठोर वाटेल, परंतु येथूनच सुरुवात करावी. दुसऱ्या बाजूने पाहता, इतक्या जुन्या वाद्यांचे पुस्तकी मूल्य आता जवळपास शून्य झालेले असणार. ती भांडारात पडून राहण्यात कंपनीचा काहीही लाभ नाही, आणि भंगारात दिली तर पितळेच्या वजनाइतकेच पैसे येतील. म्हणून ती लेखी देणगीपत्राने किंवा नाममात्र किमतीने मागावीत. प्रत्येक वाद्याचा प्रकार, त्यावर कोरलेला क्रमांक, सद्यःस्थिती आणि छायाचित्र अशी यादी आपणच आधी तयार करून अर्जाला जोडावी. मोजदाद कंपनीने करायच्या आधी आपली यादी त्यांच्या टेबलावर पोहोचली पाहिजे.

परंतु देणगी घ्यायची कोणी? नोंदणी नसलेल्या गटाला स्वतःच्या नावाने मालमत्ता धारण करणे अवघड जाते. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सात व्यक्ती एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात. घटना, उद्दिष्टे आणि पदाधिकाऱ्यांची नावे एवढ्यावर काम होते. हे १५ मार्चच्या आत सुरू करावे. त्याचे कारण कायदेशीर नसून व्यावहारिक आहे: ज्या अधिकाऱ्याला बँडविषयी आपुलकी आहे आणि ज्याच्या सहीला अर्थ आहे, तो अधिकारी एप्रिलमध्ये त्या खुर्चीवर असेलच असे नाही.

आता पैशाविषयी. २०१३ च्या कंपनी कायद्यातील कलम १३५ नुसार मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्चावी लागते, आणि सातव्या परिशिष्टातील कामांत कला व संस्कृती यांचा समावेश आहे. सरासरी तीन वर्षांची असल्यामुळे खाण आज थांबली तरी ही जबाबदारी त्याच दिवशी संपत नाही. नफा झालेला असेल तर पुढील एक-दोन वर्षे काही रक्कम शिल्लक असू शकते. येथे मात्र एक अट आहे आणि ती आपल्याला थेट लागू पडते. केवळ कंपनीचे कर्मचारी व त्यांची कुटुंबे यांच्या लाभाचे काम या खर्चात धरले जात नाही. आपला बँड आजवर कामगारांचा बँड म्हणून चालला, तो आता गावाचा बँड म्हणून घटनेत लिहिला गेला, तरच ही वाट खुली होते.

दुसरी वाट जिल्हा खनिज प्रतिष्ठानाची. २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणपट्टाधारकांनी रॉयल्टीखेरीज तिच्या काही टक्के रक्कम या प्रतिष्ठानाकडे भरायची असते, जुन्या पट्ट्यांसाठी ती ३० टक्के आहे, आणि हा निधी खाणबाधित भागासाठी व तेथील लोकांसाठी वापरायचा असतो. त्यातील मोठा खर्च पिण्याचे पाणी, पर्यावरण, आरोग्य, शिक्षण, कौशल्यविकास अशा अग्रक्रमाच्या कामांवर करायचा आहे. बँडला अनुदान द्या, असा अर्ज केल्यास तो बाजूला पडेल. गावातील मुलांना वाद्यवादनाचे प्रशिक्षण देणारा वर्ग म्हणून प्रस्ताव मांडला, ग्रामसभेत त्यावर ठराव घेतला आणि मग तो पाठवला, तर निदान वाचला तरी जाईल. कला आणि संस्कृती संचालनालयाच्या अनुदानासाठीही नोंदणीकृत संस्था असणे उपयोगी पडेल.

एक गोष्ट मला मनापासून खटकते, ती लिहितो. खाण बंद करण्याच्या आराखड्यासंबंधी भारतीय खाण ब्यूरोची जी मार्गदर्शक सूत्रे आहेत, त्यांत एक स्वतंत्र प्रकरण खाण बंद झाल्याच्या आर्थिक परिणामांवर आहे: किती स्थानिकांना रोजगार होता, खाणीवर अवलंबून असलेले जोडधंदे कोणते, समाजाच्या अपेक्षांचे काय होईल, हे त्यात लिहायचे असते. अंतिम आराखडा खाण बंद होण्याच्या दोन वर्षे आधी सादर व्हावा, असा २०१७ चा नियम सांगतो. परंतु खनिज संपल्यामुळे नव्हे तर आदेशामुळे पाच आठवड्यांत काम थांबते, तेव्हा दोन वर्षांच्या त्या तयारीला जागाच उरत नाही. ज्या प्रकरणात आपल्या बँडसारख्या गोष्टींची नोंद व्हायला हवी होती, ते लिहिण्याची वेळच कोणावर आली नाही.

निवृत्त कॉर्नेटवादक, मडगाव
२० फेब्रुवारी २०१८

आपण मेस्तांविषयी लिहिलेले वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसलो होतो. त्या पिढीतील अशा शिक्षकांनी गोव्याच्या कानाकोपऱ्यात जे पेरले, त्याची मोजदाद कोणी केलेली नाही. पॅरिश शाळांतून निघालेली मुले मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंदांत गेली, पोलीस आणि रेल्वेच्या बँडमध्ये गेली; दक्षिण गोव्यातील कुडचड्याचे फ्रँक फर्नांड तर ट्रम्पेट घेऊन मुंबईला गेले आणि पुढे चित्रपटसंगीतात काम करू लागले. जे गेले नाहीत, ते असे कोणा खाणीच्या भांडारात संध्याकाळी फिटर आणि ड्रिलमनना शिकवत राहिले.

आपला दुसरा प्रश्न माझ्या विषयाचा आहे. इंग्लंडमधील पूर्ण पितळी बँडमध्ये साधारण २५ ते २८ वादक असतात: दहा कॉर्नेट (ट्रम्पेटसारखे छोटे वाद्य), एक फ्लूगलहॉर्न, तीन टेनर हॉर्न, दोन बॅरिटोन, दोन युफोनियम, तीन ट्रॉम्बोन, चार बास (सर्वांत खालच्या स्वराची वाद्ये) आणि तालवाद्ये. एवढे सगळे असलेच पाहिजे असे मुळीच नाही. दोन कॉर्नेट, एक टेनर हॉर्न, एक युफोनियम, एक ट्रॉम्बोन, एक बास आणि दोन तालवादक एवढे आठ जण नेटके वाजवत असतील, तर पालखीपुढे चालणाऱ्या माणसाला काही उणे वाटणार नाही. बास मात्र गमावू नका. कॉर्नेटवादक एक कमी झाला तर सूर पातळ होतो, पण बास गेला तर खालची जमीनच जाते.

आपण कागदावरून वाजवता, हा येथे फार मोठा आधार आहे. या बँडपद्धतीत बास ट्रॉम्बोन सोडून सर्व पितळी वाद्यांचे संगीत एकाच ट्रेबल चिन्हात लिहितात आणि झडपांवरील बोटेही सारखीच पडतात. कॉर्नेट वाजवणाऱ्याला युफोनियमचा कागद दिला तर तो वाचू शकतो आणि बोटेही त्याच जागी पडतात; स्वर तेवढा एक सप्तक खाली निघतो, आणि फुंकायची मुखपट्टी (माउथपीस) मोठी असल्याने ओठांना सवय व्हायला काही आठवडे लागतात. खाणकामगारांच्या बँडमध्ये कोण कधी पाळीवर असेल, कोण आजारी पडेल याचा भरवसा नसे, तेथे या सोयीने किती तरी बँड तगले. आपणही आतापासून प्रत्येक वादकाला दुसरे एक वाद्य शिकवून ठेवावे. कोण जाणार हे आज ठाऊक नाही, म्हणून कोणीही गेला तरी रिकामी खुर्ची भरता आली पाहिजे.

इंग्लंडच्या यॉर्कशायरमधील ग्राइमथॉर्प या गावाचे उदाहरण आपल्या मंडळींना अवश्य सांगा. तेथील कोळसा खाणीचा बँड १९१७ मध्ये स्थापन झाला. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने ३१ कोळसा खाणी बंद करण्याची घोषणा केली, त्यांत ग्राइमथॉर्पची खाणही होती. त्याच महिन्यात त्या बँडने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. पुढच्या वर्षी खाण बंद झाली, गावाची घडी विस्कटली, ती सावरायला फार वर्षे लागली. बँड मात्र आजही वाजतो आहे आणि खाणीचे नाव त्याने अजून सोडलेले नाही. डरहॅम परगण्यातही एकही खोल खाण उरली नसताना दर जुलैत जुन्या खाणींचे झेंडे आणि त्यांच्यापुढे बँड असा मेळा भरतो. मी हे भाबडेपणाने सांगत नाही. तेथे स्पर्धांची दीडशे वर्षांची परंपरा आहे, शाळांत बँड आहेत, खाणकामगारांची कल्याण मंडळे होती. आपल्याकडे यांतील काही नाही. आपल्याकडे आहेत त्या जत्रा, आणि वर्षभर येणारे गावाचे प्रसंग. आपल्या बँडला तेवढ्यावरच उभे राहायचे आहे.

वाद्यांविषयी एक काळजीची सूचना. खनिजाची लाल धूळ साधी धूळ नव्हे. सोनार झिलईसाठी जी तांबडी पूड वापरतात, तीही लोखंडाचा ऑक्साइडच असतो. झडपेच्या तेलात ती मिसळली की आतून पितळ हळूहळू घासले जाते, झडपेच्या कडेने हवा निसटू लागते आणि वादकाला वाटते की आपला दमच कमी झाला. जागा बदलताना सर्व वाद्ये कोमट पाण्याने आतून धुऊन घ्या, सरकणाऱ्या नळ्यांना ग्रीस लावा, आणि अडकलेली मुखपट्टी पक्कडीने ओढू नका. चिंच किंवा भिरंडाची (कोकमाची) सोलं लावून घासायची आपल्या घरोघरी सवय आहे, ती समईसाठी ठीक. लॅकरचा पारदर्शक लेप असलेल्या वाद्याला ती लावू नये.

शेतकरी, त्याच तालुक्यातून
२२ फेब्रुवारी २०१८

मी आपल्याच गावचा आहे, किंबहुना आपल्या खोलीपासून माझे घर सात-आठ मिनिटांच्या अंतरावर आहे, आणि आपण मला ओळखालही. तिसऱ्या प्रश्नावर अजून कोणी लिहिले नाही, म्हणून मी लिहितो.

आमचे शेत डोंगराच्या उतारावरून येणाऱ्या ओहोळाच्या काठी आहे. दर पावसाळ्यात खाणीच्या टाकाऊ मातीच्या डंपावरची लाल माती वाहून येते आणि रोपांवर बसते. ती काढायची कशी, हा विचार करता करता लावणीचे दिवस निघून जातात. खाणीचा खंदक भूजलाच्या पातळीखाली गेला, तेथून दिवसरात्र पाणी उपसले जाऊ लागले, आणि माझ्या आजोबांनी खणलेली विहीर शिमग्यापर्यंत आटू लागली. माझ्या वडिलांनी याविरुद्ध अर्ज केले, लोकांना एकत्र केले. खाणीवर पोट असलेल्या घरांशी आमचे बोलणे कित्येक वर्षे बंद होते. मी निकालाचा आनंद मानणाऱ्यांपैकी आहे, हे लपवत नाही.

तरीही वडील वारले त्या दिवशी बँड आमच्या दारात आला होता. मी बोलावले नव्हते. आपल्यापैकी कोणाला कंपनीत कोणी जाब विचारला असेल की नाही, मला ठाऊक नाही. पाळी संपवून अंगावरच्या लाल मळासकट माणसे आली आणि स्मशानापर्यंत वाजवत चालली. वडिलांच्या विरोधात ज्यांनी सभांमध्ये आवाज चढवला होता, त्यांपैकी दोघांच्या हातांत त्या दिवशी कॉर्नेट होते. मी ते विसरलेलो नाही.

म्हणून माझी हात जोडून विनंती आहे की मोर्चात बँड नेऊ नका. वादक म्हणून ज्याला जायचे असेल त्याने अवश्य जावे. तो त्याचा हक्क आहे, त्याच्या घरात चूल पेटायची आहे, आणि त्याचे दुःख मला कळत नाही असे नाही. परंतु गणवेश आणि वाद्ये घेऊन बँड गेला, तर तो एका बाजूचा होईल, आणि पुढच्या वेळी आमच्या वाड्यावर कोणी वारले तर त्या घराने आपल्याला बोलवावे की नाही, याचा विचार करावा लागेल. लेखापाल महोदयांनी वर लिहिले आहे की बँड गावाचा आहे असे घटनेत लिहावे लागेल. गाव म्हणजे आम्हीही त्यात आलो.

आणखी एक सांगतो. माझी मुलगी सहावीत आहे आणि तिला वाद्य शिकायचे आहे, हे ती तीन वर्षांपासून म्हणते आहे. बँडची खोली कंपनीच्या फाटकाच्या आत होती आणि फाटकावर पास लागत असे. आमच्या घरातल्या मुलीला तो पास कोण देणार होते?

बँडचा चिटणीस, डिचोली तालुका
२५ फेब्रुवारी २०१८

दादा, आपण कोण ते मी ओळखले. आपल्या वडिलांच्या अंत्ययात्रेत मीही होतो. जाब कोणीही विचारला नाही, आणि विचारला असता तरी आम्ही आलोच असतो.

आपला मजकूर मी काल सरावाच्या वेळी सर्वांना वाचून दाखवला. बराच वेळ कोणी बोलले नाही. मग ज्यांनी मोर्चाचा आग्रह धरला होता त्यांपैकी एकाने, ज्याच्या दोन ट्रकांचे कर्ज अद्याप फिटायचे आहे, सांगितले की तो स्वतः जाईल परंतु वाद्य नेणार नाही. इतर तिघांना हे पटलेले नाही आणि त्यांचा राग मला समजतो. बहुमताने तसाच ठराव झाला आहे. पासाविषयी आपण लिहिलेत त्याला माझ्याकडे उत्तर नाही. ते आमच्या लक्षातही आले नव्हते, हेच खरे.

लेखापाल महोदय, संस्थेच्या नावात कंपनीचे किंवा खाणीचे नाव ठेवावे काय? जुन्या वादकांना ते हवे आहे.

लेखापाल, फोंडा
२६ फेब्रुवारी २०१८

कंपनीचे नाव ठेवू नये. त्यासाठी तिची लेखी संमती लागेल, आणि उद्या अन्य कोणाकडून साहाय्य घेताना ते आड येईल. खाण ज्या डोंगरावर आहे त्या डोंगराचे किंवा गावाचे नाव ठेवण्यास कोणाचीही परवानगी लागत नाही. कार्यकारी समितीत कंपनीच्या पटावर नसलेले निदान तीन सदस्य असावेत, आणि वाद्ये संस्थेच्या मालकीची असून कोणत्याही सदस्याला त्यांत वैयक्तिक वाटा नाही, हे कलम स्पष्ट शब्दांत घालावे. संस्था मोडली तर वाद्ये कोणाकडे जातील तेही आताच लिहून ठेवा. पैशाची चणचण आली की माणसे चांगली असूनही याच मुद्द्यावर भांडतात.

बँडचा चिटणीस, डिचोली तालुका
६ मे २०१८

बरेच दिवस लिहिता आले नाही, क्षमस्व. काय झाले ते कळवतो.

संस्था नोंदवण्याचे कागद मार्चच्या पहिल्या आठवड्यात दिले आणि गेल्या महिन्यात प्रमाणपत्र हाती आले. नावात डोंगराचे नाव आहे. २२ वाद्यांपैकी १९ आम्हाला नाममात्र किमतीने मिळाली. उरलेली तीन वाद्ये यादीत सापडत नाहीत म्हणून अडकून आहेत, आणि दुर्दैवाने त्यांत मोठा बास आहे. बास गमावू नका असे कॉर्नेटवादक सरांनी सांगितले होते. अर्ज पुन्हा केला आहे. तोवर युफोनियमवर मी खालचा भाग वाजवतो, परंतु ती पोकळी भरून निघत नाही हे मला स्वतःला ऐकू येते. सामाजिक निधीसाठी केलेल्या अर्जाला उत्तर आलेले नाही. खनिज प्रतिष्ठानासाठी ग्रामसभेचा ठराव झाला. त्या ठरावाला अनुमोदन कोणी दिले, ते येथील एका सदस्याला ठाऊक आहे आणि त्यांच्या परवानगीशिवाय मी लिहीत नाही.

१५ मार्चला शेवटची दिवसपाळी संपली तेव्हा भोंगा झाला आणि नेहमीप्रमाणे अर्ध्या तासाने आम्ही सराव केला. आता देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे यात्रेकरूंच्या निवासात, बसतो. पहिले दोन-तीन आठवडे सगळे वेळेवर जमत नव्हते, आणि त्याचे कारण आळस नव्हे. चाळीस वर्षे ज्या आवाजावर पावले उचलली जात होती, तो आवाजच होत नव्हता. शेवटी देवस्थानाच्या पुजाऱ्यांनी साडेपाचला एकदा घंटा वाजवायला सुरुवात केली आहे.

वादक १३ उरले. दोघे कतारला गेले, चौघे येत नाहीत, त्यांपैकी दोघे तरी रागावून येत नाहीत आणि मी त्यांच्या घरी जाऊन आलो आहे. एप्रिलमध्ये जत्रेला १३ जणांनीच वाजवले. मात्र शनिवारी व रविवारी सकाळी मुलांचा वर्ग सुरू केला आहे आणि त्याला नऊ मुले येतात, त्यांत चार मुली. शेतकरी दादांच्या मुलीला युफोनियमच हवे आहे, कारण तिने आजोबांच्या वेळी ते ऐकले होते असे ती म्हणते. वाद्य तिच्या मांडीवर राहत नाही आणि दम पुरत नाही. तिला जबरदस्तीने कॉर्नेट द्यावे असे मला वाटत नाही. कॉर्नेटवादक सरांनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त कॉर्नेटवादक, मडगाव
७ मे २०१८

तिला टेनर हॉर्न द्या. आकार मधला, स्वर युफोनियमसारखाच गोल, आणि बोटे तीच; दोन पावसाळे गेल्यावर ती आपणहून युफोनियमवर जाईल आणि तेव्हा तिला नव्याने काही शिकावे लागणार नाही. तोवर लांब स्वर धरायला लावा, रोज दहा मिनिटे, त्याहून अधिक नको, लहान मुलांचे ओठ लवकर थकतात.

आपल्याकडे सुस्थितीतील टेनर हॉर्न एकच आहे असे आपल्या यादीवरून दिसते आणि तो मोठ्यांच्या सरावाला लागेल. माझ्याकडे एक आहे. तो गेली सहा वर्षे कपाटात आहे, मधली झडप अडखळते, परंतु तेल घातल्यावर चालेल. येत्या रविवारी सकाळी पहिल्या कदंब बसने फोंड्यामार्गे निघतो, दहाच्या आत साखळीला पोहोचेन. तेथून पुढचा रस्ता मला ठाऊक नाही, म्हणून स्थानकावर कोणाला तरी पाठवावे.